अपवादाची नोंद आणि तिचा वाचक : संगणकीय दोषशोधनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा यंत्रांच्या पिढ्यांच्या क्रमाने होते. निर्वात नलिका, ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडल, सूक्ष्मप्रक्रियक अशी ती चढती भाजणी असते. चालू यंत्र कोठे अडखळले, त्या अडखळण्याची नोंद कोणी ठेवली आणि मुख्य म्हणजे कोणासाठी ठेवली, हे प्रश्न या भाजणीत बसत नाहीत. प्रस्तुत लेखात या शेवटच्या प्रश्नाचा मागोवा १९४७ पासून २००९ पर्यंतच्या काही निवडक घटनांच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आज्ञावली चालू असताना तिला पुढचे पाऊल टाकणे अशक्य व्हावे, असे प्रसंग येतात. शून्याने भागण्याची आज्ञा येते, आपल्या नसलेल्या स्मृतिस्थानाला हात लावला जातो, किंवा ठरवून दिलेल्या जागेत न मावणारी संख्या तयार होते. अशा प्रसंगाला संगणकशास्त्रात ‘अपवाद’ म्हणतात. अपवाद घडतो तो क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा असू शकतो आणि त्या क्षणी तेथे कोणीही मनुष्य उपस्थित नसतो. मागे उरते ती केवळ नोंद. दोषशोधन करणारा अभियंता त्या अर्थाने इतिहासकाराच्याच जातीचा असतो. घडून गेलेली गोष्ट त्याला अवशेषांवरून उभी करावयाची असते. दप्तराचा अभ्यास करणाऱ्यांना हे सांगावयास नको की रोजकीर्द लिहिणारा कारकून आपल्यासाठी लिहीत नव्हता. त्याचा वाचक निराळा होता. नोंदीत काय आले आणि काय वगळले गेले, हे तो वाचक कोण होता यावर ठरते. संगणकाच्या बाबतीतही हेच घडले आहे, आणि तेथे या प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे माणसे दगावली आहेत.

पतंगाची गोष्ट

या इतिहासाची सुरुवात नेहमी एका पतंगापासून केली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क दोन’ या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून शेजारी, प्रत्यक्ष ‘बग’ सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा आशयाचा विनोदी शेरा लिहिण्यात आला. ग्रेस हॉपर यांनी ही हकीकत पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितली, त्यामुळे शोधाचे श्रेयही बहुधा त्यांनाच दिले जाते. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची प्रथा मात्र जुनी आहे. टॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रव्यवहारात हा शब्द याच अर्थाने येतो. तो प्रचलित होता म्हणूनच तर शेऱ्यातील विनोद साधला. आपल्या दृष्टीने महत्त्व आहे ते वहीला. ती माणसांनी माणसांसाठी, तारीख-वेळ घालून, हाताने लिहिलेली वही होती. यंत्राने स्वतःबद्दल त्यात एक अक्षरही लिहिले नव्हते.

केंब्रिज : डोकावण्याकडून मरणोत्तर तपासणीकडे

खरी सुरुवात केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेथील ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम यशस्वीपणे चालला. त्याचे शिल्पकार मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. यंत्राची खोली आणि फीत छिद्रित करण्याची जागा यांच्यामध्ये जिन्यावरून जाता-येता एके क्षणी त्यांच्या ध्यानात आले की, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार आहे. ते त्या वेळी एअरी यांच्या विकलक समीकरणासाठीच्या आज्ञावलीवर काम करीत होते. तिची एक फीत योगायोगाने टिकून राहिली. मार्टिन कॅम्बेल-केली यांनी १९९२ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा १२६ आज्ञांच्या त्या फितीत सुमारे २० चुका आढळल्या. आज्ञा लिहिणारा सामान्य मनुष्य नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

एडसॅकची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत असे आणि तिच्या एका भागातील मजकूर पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने पाहता येई. प्रारंभी चूक शोधण्याचा मार्ग असा की, यंत्र एकेक आज्ञा चालवीत थांबवायचे आणि पडद्यावर डोळे लावून बसायचे. या पद्धतीला तेथे ‘डोकावणे’ असे काहीसे उपहासाचे नाव पडले होते. तिचा तोटा उघड होता. सेकंदाला सुमारे ६०० आज्ञा करणारे यंत्र एका माणसाच्या विचाराच्या गतीने चालत राही आणि इतर संशोधक आपापल्या फिती घेऊन ताटकळत. शिवाय जे पाहिले ते कोठेही उरत नसे.

या अडचणीवर स्टॅन्ले गिल या तरुण संशोधकाने दिलेले उत्तर १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. दोषशोधन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असे गृहीत धरून लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या निबंधांपैकी तो एक होय. त्यात दोन प्रकारच्या साहाय्यक आज्ञावलींची चर्चा आहे. पहिल्या प्रकारात, मूळ आज्ञावली बंद पडल्यावर स्मृतीतील निवडक मजकूर कागदावर छापून घ्यावयाचा. याला वैद्यकातील शब्द उसना घेऊन ‘मरणोत्तर तपासणी’ म्हटले गेले. दुसरा प्रकार अधिक कल्पक होता. त्यात तपासनीस आज्ञावली संशयित आज्ञावलीतील एकेक आज्ञा स्वतः उचलते, तिचा अर्थ लावून ती पार पाडते आणि तिचे निदर्शक अक्षर छापून पुढे सरकते. यंत्राचे नियंत्रण संशयिताच्या हाती क्षणभरही जात नसल्याने ती भरकटली तरी तपासनीस शाबूत राहतो. आजचे डीबगर तंत्रदृष्ट्या बरेच निराळे असले तरी, तपासणी चाललेल्या आज्ञावलीबाहेर तिच्या वर्तनाची नोंद ठेवणारा कोणी असावा, ही कल्पना येथेच आकाराला आली.

यातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दूरमुद्रक सेकंदाला सहा-सात अक्षरेच छापू शके, म्हणून प्रत्येक आज्ञेमागे एकच अक्षर छापणे परवडणारे होते. गिल यांना तेवढे पुरेसे वाटले, कारण त्यांचा वाचक निश्चित होता : ज्याने आज्ञावली लिहिली, तोच तो कागद घेऊन टेबलाशी बसणार होता. एका अक्षरावरून उरलेले सारे त्याला आठवणार होते. नोंद त्रोटक होती, पण लिहिणारा आणि वाचणारा यांत अंतर नव्हते.

संकेतांकांचे युग

हे अंतर १९६० च्या दशकात वाढले. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तीत आज्ञावलीजन्य अपवादांना १ ते १५ असे क्रमांक दिलेले होते. अपवाद घडताच आज्ञावलीची तत्कालीन अवस्था दर्शविणारा ६४ अंशांचा शब्द यंत्र स्वतःच स्मृतीतील ठराविक जागी ठेवी आणि नियंत्रण कार्यप्रणालीकडे देई. यंत्र आपल्या अपघाताची नोंद आता स्वतः करू लागले. त्याबरोबर संपूर्ण स्मृतीचा षोडशमान अंकांतील ‘डंप’ घडीच्या कागदावर छापून येई, आणि तो वाचणारा मनुष्य आज्ञावलीचा कर्ता असेलच असे उरले नाही.

या ठिकाणी महाराष्ट्राचा थोडा संबंध येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सन २००० च्या तारखेचा प्रश्न सोडविण्यासाठी मुंबई-पुण्यातील हजारो तरुणांनी परदेशी बँका व विमा कंपन्यांच्या जुन्या आज्ञावलींवर काम केले. त्यांच्या तोंडी ‘सॉक सेव्हन’ हा शब्द जोंधळ्याच्या दाण्यासारखा रुळलेला होता. सिस्टिम ३६० मधील सातव्या क्रमांकाचा हा अपवाद; संख्येच्या जागी संख्या नसलेला मजकूर, बहुधा रिकाम्या जागा, आल्या की तो उद्भवतो. मूळ आज्ञावली तीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्क वा शिकागोत कोणी लिहिली, तो मनुष्य हयात तरी आहे की नाही, याची या मुलांना कल्पना नसे. त्यांच्या हाती असे तो डंप. त्या पिढीच्या कामाचा हा भाग आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांनी अद्याप मौखिक इतिहासाचा विषय मानलेला दिसत नाही. ती मंडळी आता पन्नाशीत आहेत.

दरम्यान भाषांच्या क्षेत्रात दुसरा बदल झाला होता. याच दशकातील पीएल-वन या भाषेने अपवाद घडल्यास काय करावे हे आज्ञावलीतच लिहून ठेवण्याची सोय केली. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी अपवादांच्या हाताळणीचा पद्धतशीर विचार मांडला आणि पुढे एडा भाषेने ही सोय अंगभूत केली. १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात टोनी होअर यांनी एडाच्या गुंतागुंतीवर टीका करताना अपवाद-हाताळणी हे तिच्यातील धोकादायक अंग असल्याचे बजावले होते. अपवाद हाताळता येतो याचाच दुसरा अर्थ असा की, तो गिळूनही टाकता येतो.

चंद्रावरील १२०२

नोंद आणि वाचक यांची भेट घडली तर काय साधते, याचे उदाहरण २० जुलै १९६९ चे आहे. अपोलो ११ चे चांद्रयान उतरत असताना त्यातील संगणकाने १२०२ हा धोक्याचा संकेतांक दाखविला. पाठोपाठ १२०१ ही आला. एकूण पाच वेळा असे इशारे उमटले. भेट-रडारच्या जोडणीतील विसंगतीमुळे संगणकाचा वेळ निष्कारण खर्च होत होता आणि नव्या कामांसाठी राखलेल्या स्मृतीच्या जागा संपत होत्या. आज्ञावलीची रचना अशी होती की, अशा वेळी तिने संकेतांक नोंदवावा, कमी महत्त्वाची कामे टाकून द्यावीत आणि आवश्यक कामे पुन्हा सुरू करावीत. संकेतांकांसाठी तीन जागा होत्या : पहिला, दुसरा आणि सर्वांत अलीकडचा.

अंतराळवीरांना १२०२ चा अर्थ ठाऊक नव्हता. तो ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन या चोविशीतील अभियंत्याला ठाऊक होता. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच एका संकेतांकावरून उतरणे चुकीने रद्द करण्यात आले होते. त्यानंतर जीन क्रॅन्झ यांनी सर्व संकेतांकांचा अभ्यास करण्यास सांगितले आणि गार्मन यांनी हाताने लिहिलेली एक यादी तयार केली. त्या यादीच्या बळावर त्यांनी व स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत पुढे जाण्याचा निर्णय दिला. चार आकडी संकेतांक आणि एक हस्तलिखित कागद, एवढ्यावर ते उतरणे तरले.

‘मालफंक्शन ५४’

याच्या नेमके उलटे चित्र थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या इतिहासात दिसते. अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीच्या या यंत्रामुळे जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अतिमात्रा मिळाली. पूर्वीच्या यंत्रांतील यांत्रिक अडसर काढून सुरक्षेची जबाबदारी आज्ञावलीवर टाकण्यात आली होती. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक आदर्श साधन मानावा लागेल.

टेक्सासमधील टायलर येथे २१ मार्च १९८६ रोजी यंत्रचालक महिलेने किरणांचा प्रकार चुकून ‘एक्स’ असा भरला आणि लगेच मागे जाऊन तो दुरुस्त केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी अक्षरे उमटली. सोबत दिलेल्या मात्रेचा आकडा होता ६. मागितलेली मात्रा होती २०२. म्हणजे पडद्याच्या सांगण्यानुसार रुग्णाला मात्रा कमीच मिळाली होती. यंत्र असे वारंवार थांबत असे, त्यामुळे ‘पी’ ही कळ दाबून पुढे जाण्याची सवय सर्वांनाच होती. तिने तेच केले. आतल्या खोलीत रुग्णाला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, दुसऱ्यांदा उठता उठता हाताला बसला, आणि तो दार ठोठावू लागला. त्या दिवशी खोलीतील आवाजाची व दृश्याची यंत्रणा चालू नव्हती. काटेकोर अर्थाने ५४ हा अपवाद नव्हे, आज्ञावलीने आपल्या परीने ओळखलेली ती एक विसंगती होती. पण माहितीपुस्तिकेत तिचा उपयोगी अर्थ दिलेला नव्हता. मात्रा फार जास्त किंवा फार कमी झाली, असा तिचा दुहेरी अर्थ नंतर कळला.

कंपनीच्या अभियंत्यांनी तपासणी केली; दोष पुन्हा घडवून दाखविता आला नाही. अतिमात्रा अशक्य आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. यंत्राच्या आत काय घडले याचा क्रमवार माग कोठेही ठेवलेला नव्हता, तेव्हा एका बाजूला रुग्णाची वेदना आणि चालिकेची स्मरणशक्ती होती, दुसऱ्या बाजूला ‘६’ हा आकडा. विश्वास आकड्यावर ठेवला गेला. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला दुसरा रुग्ण भाजला. दोघेही त्याच वर्षी मृत्यू पावले.

यानंतर रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि तीच चालिका यंत्रापुढे बसले. तिला आपण काय टंकित केले ते आठवत होते. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर त्यांना ५४ हवा तेव्हा आणता येऊ लागला. रहस्य टंकनाच्या वेगात होते. चुंबकांची मांडणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला कळतच नसे. जी नोंद यंत्राने ठेवायची ती येथे एका स्त्रीच्या बोटांनी ठेवलेली होती, हे या प्रकरणातले सर्वांत बोलके वास्तव आहे. कंपनीने त्या महिन्यात सुचविलेला पहिला उपाय असा : मागे नेणाऱ्या बाणाच्या कळीचे टोपण काढून टाकावे आणि खालच्या स्पर्शकांवर चिकटपट्टी लावावी.

एरियन ५ : भलत्या वाचकाच्या हाती

नोंद नसल्याने झालेल्या अनर्थाची ही कथा. नोंद होती म्हणून झालेल्या अनर्थाची कथा दहा वर्षांनंतरची आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन ५ अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. सुमारे ३७ सेकंदांनी त्याच्या दिशादर्शक संगणकात अपवाद घडला. ६४ अंशांची अपूर्णांकी संख्या १६ अंशांच्या पूर्णांकात बदलताना ती त्यात मावली नाही. एरियन ४ साठी लिहिलेली एडा भाषेतील ही आज्ञावली जशीच्या तशी उचललेली होती, आणि नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच अधिक होता. संकटप्रवण अशा सात चलांपैकी चारांनाच संरक्षण दिलेले होते, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा होता. ज्या गणनेत हा अपवाद घडला तिचा उड्डाणानंतर काहीही उपयोग नव्हता, ही त्यातली क्रूर थट्टा.

हा तपशील सर्वश्रुत आहे. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. कोणताही अपवाद घडल्यास काय करावे हे विनिर्देशात स्पष्ट लिहिलेले होते : बिघाडाची सूचना माहितीवाहिनीवर द्यावी, बिघाडाचा संदर्भ कायमस्वरूपी स्मृतीत नोंदवावा आणि मग संगणक बंद करावा. आज्ञावलीने हे सर्व यथासांग केले. राखीव संगणक क्षणभर आधीच याच कारणाने बंद पडला होता. मुख्य संगणकाने वाहिनीवर ठेवलेला निदानाचा मजकूर उड्डाण-नियंत्रक संगणकाने उचलला, आणि तो अग्निबाणाच्या स्थितीची खरी माहिती आहे असे समजून त्याने नळकांडी पूर्ण वळविली. काही क्षणांत बाण तुटला आणि त्यासोबत चार ‘क्लस्टर’ उपग्रह गेले. दोषशोधकासाठी लिहिलेली नोंद सुकाणूवाल्याने वाचली.

जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. पहिल्याने बंद पडणाऱ्या संगणकाचीच माहिती जमिनीवर पाठविण्याची सोय होती, त्यामुळे नंतर बंद पडलेल्या मुख्य संगणकाचा वृत्तांत कोणापाशी नव्हता. तो खारफुटीच्या दलदलीत पडलेल्या अवशेषांतून शोधून काढण्यात आला आणि त्याच्या स्मृतीत बिघाडाचा संदर्भ शाबूत सापडला. नोंद शेवटी तिच्या खऱ्या वाचकापर्यंत पोहोचली. यंत्राने लिहिलेल्या शेवटच्या ओळी दलदलीतून काढून वाचल्या जाव्यात, ही गोष्ट ताम्रपटांच्या शोधकथांपेक्षा फारशी वेगळी नाही.

पहिली संधी, दुसरी संधी

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी या प्रणालीत अपवादाच्या नोंदीला शिस्त आली. डीबगर जोडलेला असल्यास प्रत्येक अपवादाची वार्ता प्रथम त्याला मिळते. हिला ‘पहिली संधी’ म्हणतात. मग आज्ञावलीची स्वतःची व्यवस्था तो अपवाद हाताळू पाहते. तिलाही जमले नाही तर डीबगरला ‘दुसरी संधी’ मिळते आणि त्यानंतर आज्ञावली संपते. पहिल्या संधीचे अपवाद नोंदवीत गेल्यास आज्ञावलीने गिळून टाकलेले, वापरणाऱ्याला कधीच न दिसणारे अपवादही कागदावर येतात. होअर यांनी ज्या धोक्याकडे बोट दाखविले होते त्यावरचा हा व्यावहारिक उतारा म्हणता येईल. अर्थात तोही डीबगर जोडून बसलेल्या माणसापुरताच.

घरोघरच्या संगणकांवर असा मनुष्य नसतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९९ पासून अपवादांचे वृत्तांत महाजालावरून गोळा करण्याची यंत्रणा उभारली, जिच्यावरील दहा वर्षांच्या अनुभवाचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये स्टीव्ह बाल्मर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात या वृत्तांतांवरून निघालेले एक अनुमान दिले होते : सर्व बिघाडांपैकी निम्मे बिघाड केवळ एक टक्का दोषांमुळे होतात. वृत्तांतांची संख्या अब्जावधींत गेल्यावर ते प्रत्येकी वाचणे अशक्यच होते. म्हणून यंत्रच त्यांची वर्गवारी करू लागले. एकाच दोषाचे वाटणारे वृत्तांत एका ‘बादली’त टाकले जातात आणि मोठी बादली आधी उपसली जाते. बहुतेक वृत्तांतांची केवळ मोजणी होते. अभियंत्याला अधिक तपशील हवा असेल तर तो पुढे ज्या कोणाच्या संगणकावर तोच अपवाद घडेल त्याच्याकडे मागितला जातो. त्या तपशिलात स्मृतीचा तुकडा असतो, आणि त्या तुकड्यात वापरणारा त्या क्षणी लिहीत असलेल्या पत्राच्या चार ओळीही असू शकतात. म्हणून पाठविण्यापूर्वी त्याची परवानगी विचारण्याची व्यवस्था ठेवण्यात आली.